कार्बन नॅनोमटेरियलचे सोलर सेल: आधी विचार, कार्बन तिथे काम कुठलं करतोय?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तू पुण्यात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहेस, गाइडनी प्रोजेक्टला "कार्बन नॅनोमटेरियल वापरून प्रकाशापासून वीज" हा विषय सुचवलाय, वाचायला घेतलं तर फुलरीन (कार्बनचे पोकळ गोळे), नॅनोट्यूब (कार्बनच्या नळ्या), ग्राफिन (एका अणूच्या जाडीचा थर), कार्बन डॉट (चमकणारे बारीक कण) सगळंच एकदम अंगावर आलं आणि यातलं नक्की धरायचं काय ते कळत नाहीये. शिवाय घरी बाबांच्या सोसायटीत गच्चीवर सोलर बसवायचं चाललंय आणि मीटिंगमध्ये कोणीतरी सांगितलं की थांबा, ग्राफिनची पॅनल येतायत, सिलिकॉन जाणार. यात खरं किती, हे तुला हवंय.

बाबांचं आधी सांगते, ते पटकन संपतं. थांबू नका. आज गच्चीवर लावायला सिलिकॉनच घ्या. चांगली सिलिकॉन पॅनल २० ते २२ टक्के एफिशियन्सीची मिळतात, २५ वर्षांची परफॉर्मन्स वॉरंटी असते, पुण्याच्या उन्हात एका किलोवॅटला वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट पडतात, आणि पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे वगैरेला, किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे. ग्राफिनच प्रकाश शोषून वीज करतंय असं पॅनल बाजारात नाहीये, आणि का नाहीये ते खाली येईलच. कोणी ग्राफिन पॅनल म्हणून काही दाखवलं तर डेटाशीट मागायची, त्यात सेल कशाचा आहे, आयईसी ६१२१५ (पॅनलच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) आणि बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) सर्टिफिकेट आहे का, टेंपरेचर कोएफिशियंट, म्हणजे तापल्यावर वीज किती घटते तो आकडा, किती, हे बघायचं. सेल सिलिकॉनचा आणि वर नुसतं ग्राफिनचं कोटिंग असेल तर ते सिलिकॉनचंच पॅनल आहे, पैसेही तेवढेच मोजायचे.

आता तुझं. मी बरीच वर्षं स्वतःच्या हाताने असे सेल बनवलेत, आधी पाषाणला लॅबमध्ये आणि नंतर इंडस्ट्रीत, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारायला लावते की या सेलमध्ये कार्बन कुठलं काम करतोय? कारण सेलमध्ये कामं वेगवेगळी असतात. प्रकाश शोषायचा, त्यातून तयार झालेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर मागे उरलेली धन जागा) एकमेकांपासून सोडवायचे, मग इलेक्ट्रॉन एकीकडे आणि होल दुसरीकडे न्यायचे, आणि शेवटी ते बाहेरच्या तारेपर्यंत पोचवायचे. माझं ठाम मत असं की पहिल्या कामात कार्बन आजवर कच्चा ठरलाय आणि पुढच्या सगळ्या कामांत तो फार गुणी आहे. पेपर वाचताना शीर्षकात "कार्बन बेस्ड सोलर सेल" लिहिलेलं असतं पण आत प्रकाश शोषणारं पेरोव्हस्काइट (एका विशिष्ट रचनेचा स्फटिक पदार्थ, सेलमध्ये बहुतेक शिसं आणि आयोडाइडचा) असतं, किंवा पॉलिमर असतं, किंवा सरळ सिलिकॉन असतं, आणि कार्बन नुसता कॉन्टॅक्टला असतो. त्यात गैर काहीच नाही, फक्त वाचणाऱ्याला ते कळलं पाहिजे, नाहीतर मग ग्राफिनची पॅनल येतायत अशी बातमी सोसायटीच्या मीटिंगपर्यंत जाते.

थोडं फिजिक्स, कारण त्याशिवाय फुलरीनचं महत्त्व कळणार नाही. सिलिकॉनमध्ये फोटॉन शोषला गेला की इलेक्ट्रॉन आणि होल जवळजवळ लगेच सुटे होतात, त्यांना बांधून ठेवणारी ऊर्जा १५ मिली इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते आणि खोलीच्या तापमानाची उष्णताच २५ मिली इलेक्ट्रॉन व्होल्टची असते, म्हणजे उष्णतेनेच जोडी सुटते. ऑरगॅनिक पदार्थात तसं होत नाही. तिथे ही जोडी, जिला एक्सायटॉन म्हणतात, ०.३ ते ०.५ इलेक्ट्रॉन व्होल्टने बांधलेली असते, जत्रेतल्या गर्दीत पोराने आईचा हात धरावा तशी घट्ट, नुसत्या धक्काबुक्कीने तो हात सुटत नाही. आणि वर ही जोडी साधारण १० नॅनोमीटर भटकते आणि विझते. प्रकाश नीट शोषायला मात्र थर निदान १०० नॅनोमीटर जाड लागतो. म्हणजे जोडी सोडवणारं कोणीतरी दर १० नॅनोमीटरवर हजर पाहिजे.

तर हे सोडवण्याचं काम सी-६० ने, म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध फुलरीनने केलं. सी-६० सापडला १९८५ मध्ये, क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना त्यासाठी १९९६ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. साठ कार्बन अणूंचा गोळा, व्यास जेमतेम ०.७ नॅनोमीटर. १९९२ मध्ये सांता बार्बराला अ‍ॅलन हीगर यांच्या ग्रुपने दाखवलं की पॉलिमरवर प्रकाश पडला आणि शेजारी सी-६० असला तर इलेक्ट्रॉन पॉलिमरवरून उडी मारून सी-६० वर जातो, आणि ते पिकोसेकंदाच्याही आत. पुढे मोजमाप सुधारलं तेव्हा कळलं की काही दहा फेमटोसेकंदातच होतं. परत यायला मात्र त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. हा जो जाण्या-येण्याच्या वेगातला फरक आहे ना, त्यावर अख्खं ऑरगॅनिक फोटोव्होल्टाइक उभं राहिलं. सी-६० ला हे इतकं छान का जमतं, तर तो एकामागून एक सहा इलेक्ट्रॉनपर्यंत घेऊ शकतो आणि परत देऊ शकतो, इलेक्ट्रॉन आला तरी त्याचा आकार फारसा बदलत नाही, आणि गोल असल्यामुळे शेजारच्या रेणूला कुठल्याही बाजूने टेकला तरी इलेक्ट्रॉन पुढे सरकतो, सपाट रेणूंसारखं नीट रचून बसवावं लागत नाही.

नुसता सी-६० सॉल्व्हंटमध्ये फार कमी विरघळतो म्हणून त्याला बाजूला एक ऑरगॅनिक साखळी जोडली, तो झाला पीसीबीएम. १९९५ मध्ये पॉलिमर आणि फुलरीन एकत्र विरघळवून एकाच थरात मिसळायची पद्धत आली, तिला बल्क हेटरोजंक्शन म्हणतात, आणि दर १० नॅनोमीटरवर सोडवणारा हवा ही अट त्यातून सुटली. मग २००५ च्या सुमाराला पी३एचटी नावाचा पॉलिमर आणि पीसीबीएम यांचं मिश्रण ४-५ टक्के एफिशियन्सीवर पोचलं. हे कॉम्बिनेशन आज रेकॉर्डच्या दृष्टीने जुनं झालंय पण शिकायला यासारखं दुसरं नाही, थर गरम करायच्या आधी आणि नंतर नुसत्या डोळ्यांनी रंगातला फरक दिसतो, पॉलिमर स्फटिक व्हायला लागला की फिल्म गडद जांभळी होत जाते आणि मीटरवर करंट वाढलेला दिसतो. मला विचारशील तर हे एकदा प्रत्येकाने करून बघावं.

मग फुलरीन मागे का पडलं? कारण तेच, शोषणात कच्चं. दिसणाऱ्या प्रकाशात सी-६० आणि पीसीबीएम फार थोडं शोषतात, म्हणजे थरातला निम्मा माल नुसता इलेक्ट्रॉन वाहायला, प्रकाशाच्या कामाचा नाही. त्याच्या एनर्जी लेव्हल मनासारख्या हलवता येत नाहीत. उष्णतेत पीसीबीएम हळूहळू एकत्र येऊन मोठे स्फटिक करतं आणि मग ते बारीक मिश्रण बिघडतं. २०१५ पासून नॉन-फुलरीन अ‍ॅक्सेप्टर, म्हणजे फुलरीनऐवजी इलेक्ट्रॉन घेणारे दुसरे रेणू, जोरात आले, २०१९ मध्ये वाय६ नावाच्या रेणूने १५ टक्के ओलांडले आणि आज ऑरगॅनिक सेल २० टक्क्यांच्या घरात आहेत. वाय६ मध्येही कार्बन भरपूर आहे पण त्याला कोणी कार्बन नॅनोमटेरियल म्हणणार नाही.

पण सी-६० संपला नाही, त्याला दुसरी नोकरी लागली आणि ही त्याला जास्त मानवली. पेरोव्हस्काइट सेल आले, २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या ग्रुपने ३.८ टक्क्यांवर सुरुवात केली आणि आता छोटे सेल २६ टक्क्यांच्या पुढे आहेत. त्यातली जी उलटी रचना असते, म्हणजे होल खालून आणि इलेक्ट्रॉन वरून काढायची, तिच्यात पेरोव्हस्काइटच्या वर व्हॅक्यूममध्ये साधारण २० नॅनोमीटर सी-६० बसवतात. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवून केलेले टँडेम सेल ३४ टक्क्यांच्या पुढे गेलेत, जिथे एका जंक्शनच्या सेलची सैद्धांतिक मर्यादाच ३३ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि अशा बहुतेक टँडेममध्ये तो २० नॅनोमीटरचा सी-६० चा थर आहेच. गंमत म्हणजे या सेलमधला मोठा तोटाही त्याच जागी होतो, पेरोव्हस्काइट आणि सी-६० जिथे टेकतात तिथे इलेक्ट्रॉन-होल परत एकत्र येऊन फुकट जातात, म्हणून मध्ये नॅनोमीटरभर जाडीचा पॅसिव्हेशनचा थर घालतात आणि सध्या जगभर या एका पृष्ठभागावर प्रचंड काम चालू आहे. तुला सिद्धांताची आणि मोजमापाची आवड असेल तर हा विषय सोन्यासारखा आहे, फक्त त्याला व्हॅक्यूम कोटिंग आणि चांगला ग्लोव्ह बॉक्स (कोरड्या वायूने भरलेली बंद पेटी) लागतो आणि एम.एस्सी.च्या मुदतीत ते मिळणं अवघड.

बाबांसाठी एक ओळ इथेच टाकते. पुढे जे पॅनल येईल ते बहुधा सिलिकॉनच्या डोक्यावर बसलेलं असेल, सिलिकॉनला हाकलून नाही. त्यामुळे आज लावलेलं वाया जात नाही.

नॅनोट्यूबकडे येते. १९९१ मध्ये इजिमा यांनी अनेक भिंतींच्या नळ्या दाखवल्या, १९९३ मध्ये एका भिंतीच्या. कागदावर बघितलं तर शोषणासाठी कार्बनच्या सगळ्या भावंडांत हीच सगळ्यात आशादायक, कारण एका भिंतीची नळी व्यास आणि गुंडाळण्याचा कोन यानुसार सेमीकंडक्टर किंवा मेटॅलिक असते, आणि सेमीकंडक्टर असली तर तिची बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन वर चढवायला लागणारी किमान ऊर्जा, व्यासाच्या उलट प्रमाणात बदलते. उदाहरणार्थ (६,५) जातीची नळी (हे आकडे ती कशी गुंडाळलीय ते सांगतात), व्यास पाऊण नॅनोमीटर, ती १००० नॅनोमीटरच्या आसपासचा इन्फ्रारेड छान शोषते, जिथे बहुतेक पॉलिमर आंधळे असतात. पण अडचण अशी की नळ्या बनवल्या की साधारण एक तृतीयांश मेटॅलिक निघतात आणि शोषणाच्या थरात थोड्या जरी मेटॅलिक नळ्या राहिल्या तरी एक्सायटॉन तिथे जाऊन विझतो. वेगळ्या करायच्या पद्धती आहेत, २००६ मध्ये सेंट्रिफ्यूजमध्ये घनतेनुसार वेगळ्या करायची आली, मग फ्लुओरीनच्या पॉलिमरमध्ये गुंडाळून निवडक नळ्या काढायची आली, ती सोपी आहे आणि चांगली चालते पण माल थोडा मिळतो आणि तो पॉलिमर नळीला चिकटून बसतो. शिवाय एक्सायटॉन नळीच्या लांबीने पळतो, आडवा उडी मारायला कुरकुरतो, आणि आपण स्पिन कोटिंग केलं, म्हणजे द्रावण टाकून काच गरगर फिरवली, की नळ्या आडव्या पडतात, म्हणजे पळायची दिशा आणि आपल्याला हवी असलेली दिशा नेमकी काटकोनात. २०१२ मध्ये स्टॅनफर्डला झेनान बाओ यांच्या ग्रुपने सगळे थर कार्बनचेच असलेला सेल करून दाखवला, मला ते काम फार आवडतं, धाडसाचं आहे, पण एफिशियन्सी १ टक्क्याच्याही खाली होती. सिलिकॉनच्या पाटीवर नॅनोट्यूबचं पारदर्शक जाळं टाकून केलेले सेल मात्र १० टक्क्यांच्या वर गेले, आणि तिथे शोषणारा कोण? सिलिकॉन. परत तेच.

ग्राफिन. २००४ मध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटला टेप लावून एक थर सोलून काढला, २०१० मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं, आणि तेव्हापासून ग्राफिन हा शब्द लावला की वस्तू भारी असं लोकांना वाटायला लागलं. एक थर पडणाऱ्या प्रकाशाच्या २.३ टक्के शोषतो. एका अणूच्या जाडीला हे खूपच आहे, खरंच आश्चर्य वाटावं इतकं, पण सेलला ९० टक्क्यांच्या वर शोषायचं असतं. आणि त्याला बँडगॅप नाही. बँडगॅप नाही म्हणजे प्रकाशाने वर गेलेला इलेक्ट्रॉन थांबायला पायरीच नाही, तो काही पिकोसेकंदात खाली येतो आणि ऊर्जा उष्णतेत जाते, व्होल्टेज उभं राहायला वेळच मिळत नाही. म्हणून ग्राफिनचं पॅनल नाही. फोटोडिटेक्टरला हा वेग उपयोगी पडतो, वीज बनवायला नाही.

मग ग्राफिनचा उपयोग पारदर्शक इलेक्ट्रोड म्हणून सांगतात, आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइड) या नेहमीच्या पदार्थाच्या जागी, कारण आयटीओमध्ये इंडियम लागतं, ते महाग, आणि वाकवलं की तडकतं. इथे एक गणित तू स्वतः करून बघ, कारण ते कळलं की निम्मे पेपर वेगळ्या नजरेने वाचशील. समज सेलमधून चौरस सेंटिमीटरला २५ मिली अँपिअर येतायत आणि तू ते एका कडेने गोळा करतेस. इलेक्ट्रोडमध्ये पडणारा व्होल्टेज ड्रॉप म्हणजे करंट डेन्सिटी गुणिले शीट रेझिस्टन्स (थराच्या चौरस तुकड्याचा रेझिस्टन्स) गुणिले लांबीचा वर्ग, भागिले दोन. आयटीओचा शीट रेझिस्टन्स १० ओहम धरला आणि लांबी १ सेंटिमीटर, तर ड्रॉप ०.१२५ व्होल्ट. एका थराच्या साध्या ग्राफिनचा ३०० ओहम धरला तर ३.७५ व्होल्ट. अगं सेल देतोच मुळात एक-सव्वा व्होल्ट! म्हणजे हा सेल चालणारच नाही, करंट बाहेर यायच्या आधीच मरेल. आता लांबी ३ मिलीमीटर कर, ड्रॉप येतो ०.३४ व्होल्ट, म्हणजे निदान काहीतरी दिसेल. म्हणून ग्राफिन इलेक्ट्रोडचे इतके सेल इवलेसे असतात. डोपिंग करून, चार थर एकावर एक टाकून ३० ओहमपर्यंत आणलेलं आहे, २०१० मध्ये कोरियात ३० इंची ग्राफिनची फिल्म रोलवर काढून ते दाखवलं होतं, पण तांब्यावर वाढवायचं, मग ते न फाटता, सुरकुती न पडता दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवायचं, ही कामं हाताने करताना जीव जातो.

ग्राफिनचं मला पटणारं उदाहरण ग्रीसमधल्या क्रीट बेटावरचं आहे, तिथे ९ पेरोव्हस्काइट पॅनल, एकूण साडेचार चौरस मीटर, उघड्यावर बसवली आणि त्यांचा पीक २५० वॅटच्या वर गेला, २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात ग्राफिन कुठे होतं तर टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरात चिमूटभर मिसळलेलं, इलेक्ट्रॉन पटकन बाहेर काढायला. बातम्यांत ते ग्राफिनचं सोलर फार्म झालं. काम उत्तमच आहे, आणि ते उत्तम आहे कारण ग्राफिनला त्याला जमणारं काम दिलं.

आता ज्याच्याकडे कोणी फार बघत नाही ते, आणि माझ्या मते तुझा प्रोजेक्ट इथे आहे. कार्बनची पेस्ट. ग्रॅफाइटच्या पातळ पापड्या आणि त्यात नॅनो आकाराचं कार्बन ब्लॅक, बाइंडर, सॉल्व्हंट, दळून एकजीव केलेली काळी शाई. पेरोव्हस्काइट सेलमध्ये वरचा इलेक्ट्रोड बहुतेक लोक सोन्याचा किंवा चांदीचा करतात, सोनं परवडत नाही आणि चांदी पेरोव्हस्काइटमधल्या आयोडाइडशी रिअ‍ॅक्शन करून खराब होते. कार्बनचं वर्क फंक्शन (पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, सोन्याच्या जवळ, आयोडाइड त्याला काही करत नाही, आणि १०-१५ मायक्रॉनचा थर पाण्याला बऱ्यापैकी अडवतो. चीनमधल्या वूहानला हाँगवेई हान यांच्या ग्रुपने २०१४ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, झिर्कोनिया आणि कार्बन असे तीन सच्छिद्र थर एकावर एक छापले, भाजले, आणि सगळ्यात शेवटी वरून कार्बनमधूनच पेरोव्हस्काइटचं द्रावण मुरवलं. १२.८ टक्के मिळाले आणि १,००० तासांहून जास्त वेळ पूर्ण प्रकाशात टिकला. त्या काळात बाकीचे सेल दिवसांत मान टाकत होते. हा निकाल मी वाचला तेव्हा मला वाटलं होतं की कधी कारखान्यात जायचं असेल तर ते हेच जाईल, आणि अजूनही मला तसंच वाटतं, कारण यात व्हॅक्यूम लागत नाही, स्क्रीन प्रिंटिंग लागतं, आणि स्क्रीन प्रिंटिंग करणारी माणसं पुण्यात गल्लोगल्ली आहेत.

त्याच वर्षी हाँगकाँगच्या एका ग्रुपने मेणबत्तीची काजळी होल गोळा करायला वापरून ११ टक्के मिळवले होते. आणि आपल्याकडे आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन यांनी कापरापासून कार्बनचे नॅनो पदार्थ करायचं काम बरीच वर्षं केलं. कापराचं सूत्र सी१० एच१६ ओ, तो कमी तापमानाला सरळ वाफ होतो आणि भट्टीत तापला की छान कार्बन सोडतो. तुला हे करायचं असेल तर कापूर लॅब ग्रेडचाच घे, दुकानातल्या वड्यांत मिसळ काय असते याचा भरवसा नाही आणि मग तुझे निकाल पुन्हा तसेच येणार नाहीत.

पेस्टमध्ये करण्यासारखं काय आहे? भरपूर. ग्रॅफाइट आणि कार्बन ब्लॅकचं प्रमाण बदललं की शीट रेझिस्टन्स बदलतो, ग्रॅफाइटच्या पापड्या लांब पल्ल्याचा करंट नेतात, कार्बन ब्लॅक त्यांच्यामधल्या फटी भरतं आणि खालच्या थराला नीट टेकतं. नुसतं ग्रॅफाइट टाकलं तर खाली कॉन्टॅक्ट खराब, नुसतं कार्बन ब्लॅक टाकलं तर रेझिस्टन्स चढतो आणि सुकताना भेगा पडतात. यात थोड्या नॅनोट्यूब घातल्या तर भेगा कमी होतात का, किती टक्क्यांनंतर पेस्ट इतकी घट्ट होते की जाळीतून उतरत नाही, जाळीचा मेश कुठला चांगला, भाजल्यावर बाइंडर किती उरतो, हे सगळे प्रश्न फोर पॉइंट प्रोब (शीट रेझिस्टन्स मोजायचं साधन), ऑप्टिकल मायक्रोस्कोप आणि एक भट्टी एवढ्यात सुटतात. एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) लागला तर युनिव्हर्सिटीत, किंवा पुण्यातल्याच एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्थांत गाइडमार्फत विचारता येईल. बरं, सेल पूर्ण झाला नाही तरी इलेक्ट्रोडचं काम स्वतःच्या पायावर उभं राहतं, आणि एम.एस्सी.च्या मुदतीत हे फार महत्त्वाचं आहे. कार्बनचा एक तोटा मात्र लिहायला विसरू नकोस, तो काळा आहे, सोन्याचांदीसारखा उरलेला प्रकाश परत आत पाठवत नाही, त्यामुळे करंट थोडा कमीच राहतो.

कार्बन डॉटबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. २००४ मध्ये नॅनोट्यूब शुद्ध करताना हे अचानक सापडले. लिंबाचा रस, साखर, सायट्रिक अ‍ॅसिड आणि युरिया, काहीही मायक्रोवेव्हमध्ये तापवलं की यूव्ही दिव्याखाली निळंहिरवं चमकणारं पाणी मिळतं, फोटो सुंदर येतो, म्हणून दर वर्षी कितीतरी प्रोजेक्ट त्यावर होतात. पण चमकणं म्हणजे इलेक्ट्रॉन परत खाली आला आणि प्रकाश होऊन गेला. आपल्याला तो बाहेर तारेत हवाय. शोषक म्हणून कार्बन डॉट वापरलेले सेल बहुतेक १ टक्क्याच्या आसपास घुटमळतात. दुसरं म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड आणि अमाइनच्या रिअ‍ॅक्शनमध्ये साधे चमकणारे रेणू पण तयार होतात, आणि ती चमक डॉटची का त्या रेणूंची हे डायलिसिस करून, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळून, वेगळं केल्याशिवाय सांगता येत नाही. यूव्ही शोषून दिसणारा प्रकाश सोडायचा आणि सिलिकॉनला मदत करायची हा उपयोग खरा आहे पण फायदा छोटा असतो, आणि छोटा फायदा सिद्ध करायला मोजमाप फार चोख लागतं. गाइडनी डॉटच घे म्हटलं तर घे, पण डॉट नसलेला कंट्रोल सेल त्याच दिवशी, त्याच द्रावणातून, त्याच हाताने केलेला पाहिजे, आणि एका चांगल्या सेलचा आकडा देऊ नकोस, सगळ्या सेलची सरासरी आणि पसारा दे.

मोजमापाचं सांगते, कारण माझ्या बघण्यात मुलांचे महिने यातच जातात. ३ बाय ३ मिलीमीटरचा सेल असेल आणि मास्क लावला नाही, तर कडेने पाव-पाव मिलीमीटर जागेतूनही करंट येतो, म्हणजे खरं क्षेत्रफळ साडेतीन बाय साडेतीन, १२.२५ चौरस मिलीमीटर, आणि तू भागतेस ९ ने. झाली ३६ टक्के जास्त एफिशियन्सी, फुकट. काळ्या पातळ पत्र्याचा मास्क कर, त्याचं भोक मायक्रोस्कोपखाली मोज. पेरोव्हस्काइटची बँडगॅप १.५५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असेल तर करंट चौरस सेंटिमीटरला साधारण २७ मिली अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, गेला तर दिवा जास्त आहे किंवा क्षेत्रफळ चुकलंय. व्होल्टेज चढता आणि उतरता दोन्हीकडून स्कॅन कर, कार्बन इलेक्ट्रोडच्या सेलमध्ये दोन रेघा बऱ्याचदा जुळत नाहीत, तेव्हा एका व्होल्टेजला धरून काही मिनिटं करंट बघत बसायचं आणि तोच आकडा लिहायचा. सोलर सिम्युलेटर (सूर्यासारखा प्रकाश देणारा दिवा) मिळेपर्यंत बुधवार पेठेतून आणलेला एलईडी आणि एक कॅलिब्रेटेड सिलिकॉन फोटोडायोड यावर सेलांची आपसांत तुलना चालते, पण त्यावरून टक्के काढायचे नाहीत, टक्के १,००० वॅट प्रति चौरस मीटरच्या स्टँडर्ड स्पेक्ट्रमखालीच.

पुण्याचा पावसाळा डोक्यात ठेवून वेळापत्रक आख. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली ह्युमिडिटी ८० टक्क्यांच्या वर असते आणि उघड्यावर केलेली पेरोव्हस्काइटची फिल्म डोळ्यांदेखत दुधाळ होते. त्यामुळे पेस्ट, छपाई, भाजणं, रेझिस्टन्स ही कामं पावसाळ्यात उरक आणि पेरोव्हस्काइट मुरवायचं काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत घे. गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते, बुधवारी रात्री ४०० डिग्रीची भट्टी लावून जाऊ नकोस. कोरडी कार्बनची पावडर हाताळताना साधा कापडी नाही, नीट बसणारा एन-९५ मास्क घाल, नॅनोट्यूब असतील तर फ्यूम हूडमध्येच उघड. पेरोव्हस्काइटमध्ये शिसं असतं, त्याचं द्रावण डीएमएफ या सॉल्व्हंटमधून कातडीत शिरतं, म्हणून हातमोजे बदलत राहा आणि तो कचरा बेसिनमध्ये ओतायचा नाही, वेगळ्या बाटलीत जमा करून इन्स्टिट्यूटच्या केमिकल वेस्टला द्यायचा.

गाइडना भेटायला जाशील तेव्हा एक कागद घेऊन जा, त्यावर सेलचे थर काढ आणि प्रत्येक थरापुढे त्याचं काम लिही, कार्बन कुठे बसणार आणि त्याच्या जागी आज काय वापरतात तेही लिही. पहिल्या महिन्यात तीन प्रमाणांच्या पेस्ट, प्रत्येकीचे काचेवर छापलेले निदान पाच नमुने, त्यांचा शीट रेझिस्टन्स आणि भेगांचे फोटो, एवढं ठेव. २० ओहमच्या खाली गेलीस की सेलकडे वळ.